आरवलीचा उमेदवार पडला

फेब्रुवारी २००९. झी मराठीवरच्या 'सारेगमप लिटिल चॅम्प्स'चा महाअंतिम सोहळा, रविवार, ८ तारीख. पाच मुलं उरली होती: पुण्याची आर्या आंबेकर, आळंदीची कार्तिकी गायकवाड, लातूरचा रोहित राऊत, अलिबागची मुग्धा वैशंपायन आणि आमचा प्रथमेश लघाटे. आमचा म्हणजे आरवलीचा. आरवली संगमेश्वर तालुक्यात, मुंबई-गोवा हायवेवर. गरम पाण्याच्या कुंडांचं गाव. एरवी रत्नागिरी शहरातल्या माणसाला संगमेश्वर फार लांब वाटतं आणि चिपळूणकरांशी त्याचं कशावरच एकमत होत नाही. त्या आठवड्यात मात्र अख्खा जिल्हा लघाट्यांचा शेजारी झाला होता.

निकालाआधी ७२ तास

रत्नागिरीतल्या राम आळीजवळचं मोबाइल रिचार्जचं दुकान. दुकान कसलं, जिन्याखालची फट. समोर माणसं दाटीवाटीने उभी. स्क्रॅच कार्डावरची राखाडी पट्टी नाण्याने खरवडायची, आकडा वाचून दाखवायचा, मग बॅलन्स. विजेता लोकांच्या एसएमएसवर ठरणार होता. मताचा एसएमएस साध्यापेक्षा महाग, त्यामुळे दहाच्या कार्डात भागत नव्हतं. दुकानदाराने उधारीची वही काढून ठेवली होती. एरवी ओळखीच्या माणसालाही उधार न देणारा हा गृहस्थ. पण प्रश्न जिल्ह्याचा होता.

ज्यांनी आयुष्यात एसएमएस केला नव्हता अशी माणसं त्या रांगेत होती. खालच्या आळीतली एक आजी भाच्याचा फोन घेऊन आलेली. दुकानदार तिला शिकवत होता, "सातचं बटण एकदा दाबा, पी आला. आता थांबा. थांबलात नाही तर आर यायचा नाही. आता तेच बटण तीनदा." आजीचा अंगठा मोठा, बटणं बारीक. चौथ्यांदा दाबलं की एस यायचा आणि सगळं पहिल्यापासून. "आणि त्या आळंदीच्या मुलीचं?" आजीने विचारलं. "पाचचं बटण दोनदा की के. पण ते तुम्हाला कशाला हवंय?" "असंच," आजी म्हणाली.

फटीबाहेर बाकड्यावर निवडणुकीचे जाणकार बसले होते. त्यांनी आकडेमोड मांडली. २००१च्या जनगणनेप्रमाणे रत्नागिरी जिल्हा जेमतेम १७ लाखांचा आणि पुणे जिल्हा ७२ लाखांचा. म्हणजे आपण मेलो. पण थांबा, आळंदीही पुणे जिल्ह्यातच, तेव्हा तिकडची मतं आर्या आणि कार्तिकीत फुटणार. लातूर एकगठ्ठा रोहितला. आणि आपल्याकडे घात करणार ती अलिबागची. इतकीशी पोर, सगळ्यात लहान, परीक्षक अवधूत गुप्ते तिला 'मॉनिटर' म्हणायचा, महाराष्ट्राची लाडकी. कोकणची मतं खाणार ती हीच. एक जण गंभीरपणे म्हणाला, "तिने माघार घ्यायला हवी होती." त्या वेळी ती प्राथमिक शाळेत होती.

शिवाय या जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११३६ स्त्रिया, कारण पुरुष मुंबईत. म्हणजे फोनही मुंबईत. परळ, भांडुप, नालासोपाऱ्याच्या चाकरमान्यांना निरोप गेले. गणपतीला न येणाऱ्यांनाही गेले.

निकालाआधी ४८ तास

शुक्रवारी इतिहासाची उजळणी झाली. ५ मार्च २००५ला अभिजीत सावंत पहिला 'इंडियन आयडॉल' झाला, भिलाईच्या अमित सानाला मागे टाकून. तेव्हाही मतं एसएमएसचीच होती. मराठी मुलगा जिंकला म्हणून पेढे वाटलेल्यांपैकी कोणालाही त्या वेळी ही पद्धत खटकल्याचं मला आठवत नाही.

निकालाआधी २४ तास

शनिवारची संध्याकाळ जरा सविस्तर सांगायला हवी, कारण आपत्ती खरी तिथेच घडली. रविवारी ती फक्त जाहीर झाली.

आमच्याकडे गाणं ऐकणाऱ्यांचा एक कट्टा आहे. नाट्यसंगीतावर पोसलेला. हे गाव त्या बाबतीत साधं नाही. सावरकर इथे १९२४ ते १९३७ स्थानबद्ध होते. त्याच काळात त्यांनी 'संन्यस्त खड्ग' लिहिलं आणि १९३१ साली ते मास्टर दीनानाथांच्या बलवंत संगीत मंडळीने रंगमंचावर आणलं. तेव्हा इथला प्रत्येक पेटीवाला दीनानाथांशी काही ना काही नातं सांगतो. स्वतः ऐकलेलं नसलं तर ऐकलेल्या माणसाकडून ऐकलेलं असतं. आमच्या कट्ट्यावरचे पेटीवाले काका त्यातलेच. नाट्य स्पर्धेचा निकाल परीक्षकांच्या आधी यांच्या खिशात तयार असतो, आणि परीक्षकांचा वेगळा निघाला तर चूक परीक्षकांची.

काकांचा हिशेब सरळ होता. नाट्यपद गाणारा तो मुलगा एकच. ताना स्वच्छ, शब्द स्वच्छ, वागणं सालस. कार्यक्रमात त्याला 'मोदक' म्हणायचे, ते काकांना आवडत नसे, पण चालवून घेत. आर्याबद्दल त्यांना आदर होता. "ती पुढे जाईल," म्हणाले, म्हणजे उद्या नाही. अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत गुण स्वरांत द्यायचे, 'नि' आणि फारच रंगलं तर 'वरचा सा'. काकांनी आठवणीने कोणाला किती वरचे सा पडले ते सांगितलं. कोणी तरी म्हणालं, की अखेरच्या निकालाशी या 'सा'चा संबंध नाही, तो लोकांच्या एसएमएसवर आहे. काका म्हणाले, "लोकांना कान नाहीत काय?"

तेव्हा कोपऱ्यातून आमचा वायरमन बोलला. हा गडी गावाकडे भजनात पखवाज वाजवतो. "आमच्या मंडळात सगळी त्या कार्तिकीची गवळण म्हणत्यात. बायका तर भाकऱ्या थापतानाबी."

कोणी उत्तर दिलं नाही. विषय हापूसच्या मोहोरावर आणि तुडतुड्यावर गेला.

मला वाटतं, साऱ्या प्रकरणातलं मोलाचं वाक्य ते होतं. कट्ट्यावर ज्याला गाणं म्हणतात ते तिकीट काढून ऐकायचं गाणं. कार्तिकी जे गात होती, अभंग, गवळण, भारूड, ते महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांत आधीच गायलं जात होतं. दर एकादशीला, हरिनाम सप्ताहात, देवळातल्या सतरंजीवर. विदर्भातल्या खेड्याला आर्या कोण हे कार्यक्रमामुळे कळलं. कार्तिकी मात्र त्यांना भजनात शेजारी बसलेल्या पोरीसारखी वाटली असणार. तिची मतं कुठल्या एका जिल्ह्यात नव्हतीच, ती पंढरपूरच्या वाटांवर पसरलेली होती. बाकड्यावरच्या जाणकारांनी जिल्ह्यांची बेरीज केली, दिंड्यांची कोणी केली नाही.

निकालाआधी १२ तास

रविवार सकाळ. एकच चिंता, वीज. भारनियमनाचे दिवस ते. दाभोळचा तो गाजलेला वीजप्रकल्प आमच्याच जिल्ह्यात, एन्रॉनने बांधला, बंद पडला, पुन्हा चालू झाला, आणि आम्ही इथे मेणबत्त्या मोजतोय, हे वाक्य दिवसातून एकदा बोलल्याशिवाय रत्नागिरीकराचा दिवस जात नसे. इन्व्हर्टर असलेल्या घराची निवड एकमताने झाली. त्या घरच्या काकूंना कोणी विचारलं नव्हतं.

निकालाआधी ६ तास

जेवण. वामकुक्षी.

निकालाआधी ३ तास

वीस-बावीस माणसं, दोन सोफे, उरलेली फरशीवर. पडद्यावर निवेदिका पल्लवी जोशी. कमलेश भडकमकरांचा वाद्यवृंद; अमर ओकांची बासरी सुरू झाली की काका डोळे मिटत आणि नीलेश परबची ढोलकी सुरू झाली की उघडत. या वादकांना त्या वर्षी मराठी घरांनी नावानिशी ओळखलं, ही त्या कार्यक्रमाची कमाई, आणि तिचा निकालाशी संबंध नाही म्हणून ती कोणी मोजली नाही.

पाचही मुलं गायली. प्रथमेशच्या वेळी खोलीत कोणी खोकलंही नाही. कार्तिकी उभी राहिली तेव्हा स्वयंपाकघरातून बायका दारापर्यंत आल्या. एकीच्या हाताला पीठ होतं. बाहेरच्या खोलीतल्या पुरुषांची तिकडे पाठ होती.

निकालाआधी १ तास

जाहिराती. काकांनी पेढ्यांचा पुडा आणल्याचं उघडकीस आलं.

निकालाआधी १० मिनिटं

पुन्हा जाहिराती. पाच मुलं रांगेत. इतक्या लहान मुलांना लाखो माणसांसमोर असं ताटकळत ठेवायचं, नावाआधी तो ढोलांचा गडगडाट, ही क्रूरता आपण सगळ्यांनी चवीने पाहिली. ते तेव्हाही बरं नव्हतं.

निकाल

कार्तिकी गायकवाड.

निकालानंतर १० मिनिटं

आधी कोणी काही बोललं नाही. मग सगळे एकदम. "सेटिंग." "एसएमएस कंपन्यांचा धंदा." "आर्याला मिळालं असतं तर समजू शकलो असतो," हे म्हणणारे कालपर्यंत आर्याला पुणेरी म्हणून हिणवत होते. आपला हरला की मत सज्जन तिसऱ्याला द्यायचं, म्हणजे तक्रार स्वार्थी दिसत नाही. आर्याच जिंकायला हवी होती हा सूर पुढे बरीच वर्षं महाराष्ट्रात ऐकू येत राहिला, आणि त्यातले काही आवाज प्रथमेशच्या माणसांचे होते हे मी खात्रीने सांगतो.

काकांनी टीव्ही बंद करायला सांगितलं. घर त्यांचं नव्हतं. टीव्ही चालू राहिला.

निकालानंतर १ तास

काकांनी १९७३चा दाखला काढला. 'पाकीजा'चं संगीत गुलाम महंमदांचं. ते १९६८लाच वारले, सिनेमा १९७२ला आला. फिल्मफेअर मात्र मिळालं शंकर-जयकिशनना, 'बेईमान'साठी. तेव्हा प्राणने स्वतःचं सहाय्यक अभिनेत्याचं फिल्मफेअर नाकारलं, आणि तेही 'बेईमान'साठीच मिळालेलं. "याला म्हणतात निषेध," काका म्हणाले. "आता तुम्ही काय नाकारणार?" वायरमनने विचारलं. पेढ्यांचा पुडा टीपॉयवर होता. तो नाकारण्याचं धैर्य कोणातच नव्हतं.

निकालानंतर १२ तास

सोमवारी सकाळी जयस्तंभापासून मारुती मंदिरापर्यंत ज्या टपऱ्यांवर मी थांबलो तिथे हाच विषय. पण आवाज चहाच्या कपापलीकडे गेला नाही. हे गृहीत धरण्यासारखं नाही. दीड वर्षापूर्वी, २३ सप्टेंबर २००७ला दार्जिलिंगचा प्रशांत तमांग 'इंडियन आयडॉल' झाला. कोलकाता पोलिसांत शिपाई. शिलाँगचा अमित पॉल हरला. निकाल अनेकांना अनपेक्षित होता, पण आग निकालाने लागली नाही. दुसऱ्या दिवशी दिल्लीच्या एका रेडिओ निवेदकाने गुरख्यांवर, रात्रीच्या पहाऱ्यावर टवाळी केली. २८ सप्टेंबरला सिलिगुडीत त्याच्या निषेधाचा मोर्चा निघाला, दंगल झाली, संचारबंदी लागली, लष्कर बोलवावं लागलं. प्रशांतला मतं मिळवून देणाऱ्या चाहत्यांच्या फळीत बिमल गुरुंग होते. पुढच्याच महिन्यात त्यांनी गोरखा जनमुक्ती मोर्चा हा पक्ष काढला आणि २००८च्या मार्चमध्ये सुभाष घिसिंग यांना दार्जिलिंगच्या पर्वतीय परिषदेवरून पायउतार व्हावं लागलं. तिथे गाणं हे निमित्त होतं, खाली पिढ्यांचा अपमान साठलेला होता. आमच्याकडे साठलेला होता तो फक्त शहाणपणाचा तोरा, आणि त्याने फार तर एखादा काचेचा ग्लास फुटतो.

रत्नागिरीत फार तर एवढं झालं, की काकांनी महिनाभर झी मराठी लावलं नाही. पुढे ही पाचही मुलं 'पंचरत्न' म्हणून एकत्र गात फिरली, २०२१च्या लिटिल चॅम्प्समध्ये परीक्षकांच्या खुर्च्यांवर बसली. आणि कोकणची मतं फोडणारी ती मुग्धा डिसेंबर २०२३मध्ये चिपळूणला प्रथमेशशी लग्न करून आमच्याच जिल्ह्यात आली.

निकालानंतर १८ तास

दुपारी रिचार्जच्या फटीसमोर काका. दुकानदाराने वही उघडली होती.

"पडलेल्या उमेदवाराचे पैसे मागतोस?" काका म्हणाले.

"काका, तुमच्या नावावर दीडशे आहेत. तुम्ही पन्नासचीच कार्डं नेलीत. बाकीचे शंभर तुमच्या सूनबाईंनी आणि शेजारच्या चौघींनी नेले. मीच टाइप करून दिलं त्यांना." त्याने वहीवरचं बोट काढलं नाही. "पाचचं बटण दोनदा. त्या जिंकल्या. तेव्हा निदान त्यांचे तरी द्या."