मदत कोणाची, गरज कोणाची?

आमच्या १९९६च्या दहावीच्या वर्गाला इतिहास शिकवणाऱ्या बाई वसईच्या तहाचं साल विचारून थांबत नसत. "मदत देणाऱ्याला काय हवं होतं?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. मी इंजिनिअर झाले, सॉफ्टवेअरमध्ये रमले, पण तो प्रश्न मनात राहिला. ट्युनिशियाबद्दल वाचताना तो पुन्हा समोर आला.

डिसेंबर २०१०मध्ये सिदी बूझिद इथे मोहम्मद बुअझीझी या फेरीवाल्याने स्वतःला पेटवून घेतलं. त्यातून भडकलेल्या आंदोलनामुळे १४ जानेवारी २०११ रोजी अध्यक्ष बेन अली देश सोडून पळाले. त्याच आठवड्यात फ्रान्सच्या परराष्ट्रमंत्री संसदेत ट्युनिशियाच्या पोलिसांना फ्रेंच कौशल्य देऊ करत होत्या! फेब्रुवारीत त्यांना पद सोडावं लागलं. युरोपीय आयुक्त श्टेफान फ्युले यांनीही कबूल केलं की, अरब देशांतल्या मानवी हक्कांसाठी युरोपने पुरेसा आवाज उठवला नव्हता.

मग धोरण बदललं. सुधारणा जितक्या जास्त, तितकी मदत जास्त. 'स्प्रिंग' योजनेत शेजारच्या अरब देशांसाठी ३५ कोटी युरो ठेवले गेले. ऑक्टोबर २०११मध्ये ट्युनिशियात निवडणूक झाली, युरोपीय निरीक्षक आले. या मदतीचा उपयोग झालाच. पण २०१३ची राजकीय कोंडी फोडली ती तिथल्याच कामगार, उद्योजक, वकील आणि मानवी हक्क कार्यकर्त्यांच्या चार संघटनांनी. २०१४ साली नवी राज्यघटना आली आणि २०१५चं शांततेचं नोबेल या चौघींना मिळालं.

२५ जुलै २०२१ रोजी अध्यक्ष कैस सईद यांनी संसद गोठवली. पुढे विरोधी नेते तुरुंगात गेले. धोरणाप्रमाणे हात आखडता घ्यायला हवा होता. पण तोवर युरोपची गरज बदलली होती : भूमध्य समुद्रातून येणाऱ्या स्थलांतरितांच्या होड्या थांबवायच्या होत्या. १६ जुलै २०२३ रोजी सईद यांच्याशीच समझोता झाला. सीमा आणि स्थलांतरासाठी साडेदहा कोटी, अर्थसंकल्पाला १५ कोटी युरो. लोकशाहीची अट मागे पडली.

वसईचा तह वेगळा, ट्युनिशिया वेगळा, हे मला कळतं. पण ज्या तरुणांनी २०११मध्ये जीव धोक्यात घातला, त्यांना 'जास्त सुधारणा, जास्त मदत' हे वचनच वाटलं असणार.

बाई, संमेलनात भेटाल तेव्हा हे उत्तर तपासून द्याल ना?