इजाऱ्यापासून निविदेपर्यंत : दाद मागण्याच्या हक्काचा इतिहास

मराठवाड्यात सरकारी काम घेणाऱ्यास लोक गुत्तेदार म्हणतात. पुण्या-मुंबईकडे तो कंत्राटदार होतो, आणि जुन्या दप्तरांत मक्तेदार किंवा इजारदार म्हणून भेटतो. नावे निराळी असली तरी त्यांच्यामागे एक जुना प्रश्न उभा आहे. सरकारने काम एकाला दिले आणि दुसऱ्याला नाकारले, तर त्या दुसऱ्याने 'का?' असे विचारावयाचे कोठे? या प्रश्नाचे उत्तर धाराशिवच्या भूमीवरून कसे पालटत गेले, ते आम्ही येथे थोडक्यात पाहणार आहोत.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, चंदुलालांच्या कारभारात, हैदराबाद राज्याचा पुष्कळसा महसूल इजाऱ्याने वसूल होई. जो अधिक रक्कम आणि नजराणा देई, त्याला मुलखाच्या वसुलीचा मक्ता मिळे. तो मुदतभर टिकेल याची मात्र शाश्वती नसे. दुसऱ्या कोणी चढा नजराणा पुढे केला की पहिल्याची उचलबांगडी होई. म्हणून हाती असलेल्या दिवसांत रयतेकडून निघेल तेवढे काढून घ्यावे, हीच इजारदाराची नीती बनली. हुसकावलेल्या इजारदाराला गाऱ्हाणे घालावयाचे तर दरबारातच, आणि तेही रिकाम्या हाताने नव्हे. रयतेला तेवढीही वाट नव्हती. या व्यवस्थेत लिलाव होता, चढाओढही होती. पण लिलाव पुकारणाराच तो वाटेल तेव्हा मोडू शकत होता, आणि सारे दुखणे याच ठिकाणी होते.

१८५३ साली दोन गोष्टी घडल्या. कंपनी सरकारच्या कंटिंजंट फौजेचा पगार थकला म्हणून निजामाने तहान्वये वऱ्हाड आणि रायचूर दुआबाबरोबर धाराशिव-नळदुर्गचा मुलूखही इंग्रजांच्या हवाली केला. फिलिप मेडोज टेलर हे १८५७ पर्यंत नळदुर्गास राहून त्याचा कारभार पाहत होते. १८६० मध्ये हा मुलूख निजामाकडे परत आला. दुसरी गोष्ट अशी की, त्याच १८५३ साली सालारजंग दिवाण झाले. त्यांनी इजाऱ्याची पद्धत मोडीत काढून पगारी अंमलदार नेमण्यास आरंभ केला, आणि १८६५ च्या जिल्हाबंदीने त्या कारभाराला चौकट दिली. वसुलीचा मक्ता संपला. तरीही सरकारच्या देण्याघेण्याविषयी प्रजेने सरकारलाच जाब विचारावा, ही कल्पना अद्याप दूर होती.

ती कल्पना कायद्यात उतरली २६ जानेवारी १९५० रोजी. राज्यघटनेच्या चौदाव्या अनुच्छेदाने शासनापुढे सर्वांना समान ठरविले, आणि दोनशे सव्विसाव्या अनुच्छेदाने उच्च न्यायालयात रिट अर्ज करण्याची वाट खुली केली. परंतु वाट खुली असणे निराळे आणि ती चालता येणे निराळे. १९५६ पर्यंत या जिल्ह्याचे उच्च न्यायालय हैदराबादेस होते. त्या वर्षी जिल्हा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि पुढे मुंबई गाठावी लागू लागली. २७ ऑगस्ट १९८१ रोजी औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, खंडपीठ सुरू झाले, तेव्हा कोठे ही वाट उमरगा-परंड्याच्या लहान गुत्तेदाराच्या आवाक्यात आली.

मधल्या काळात या विषयातला सर्वांत महत्त्वाचा निकाल लागला होता, आणि त्याचे मूळ होते मुंबईच्या विमानतळावरील एक उपाहारगृह. १९७७ च्या आरंभी विमानतळ प्राधिकरणाने ते चालविण्यासाठी निविदा मागविल्या. निविदा भरणारा दुसऱ्या श्रेणीचा नोंदलेला हॉटेलचालक असावा आणि त्याला निदान पाच वर्षांचा अनुभव असावा, अशी अट होती. मक्ता मिळाला तो मात्र कँटीन चालविण्याचा अनुभव असलेल्या, पण ही अट न पुरविणाऱ्या संस्थेला. तिने देऊ केलेली रक्कम सर्वांत जास्त होती. दाद मागणाऱ्याने स्वतः निविदा भरलीच नव्हती. त्याचे म्हणणे असे की, अट सैल होणार हे ठाऊक असते तर मीही भरली असती. ४ मे १९७९ रोजी न्यायमूर्ती भगवती यांनी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दिला. शासनाने जे माप स्वतः जाहीर केले त्याने ते स्वतःही बांधलेले आहे, असे तत्त्व त्यात प्रस्थापित झाले. चंदुलालांच्या दरबारात जे नव्हते, ते नेमके हेच.

तरीही अर्जदार हरला. तो पाच महिन्यांहून अधिक उशिराने न्यायालयात आला होता, तोवर मक्तेदाराने खर्च करून काम सुरू केले होते, आणि अर्जदाराच्या हेतूविषयीही न्यायालयाला शंका होती. तत्त्व जिंकले, पण ठेका होता तेथेच राहिला.

पुढचा इतिहास या हक्काला आवर घालण्याचा आहे. १९९४ मध्ये मुंबईसह चार महानगरांच्या मोबाइल परवान्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, न्यायालय निर्णय घेण्याची रीत तपासते, स्वतः निर्णय घेत नाही. १९९८ मध्ये खापरखेडा वीजकेंद्राच्या कामावरील स्थगिती उठविताना न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी बजावले की, कामाच्या विलंबाचा भार जनतेवर पडतो, म्हणून स्थगिती देण्यापूर्वी जनहित तोलून पाहावे. २०१६ मध्ये नागपूर मेट्रोच्या खटल्यात तर असे ठरले की, निविदेच्या अटीचा अर्थ ती लिहिणाऱ्यालाच अधिक कळतो. त्याचा हेतू दुष्ट वा अर्थ विपरीत असल्याखेरीज न्यायालयाने मध्ये पडू नये.

हा आवर अनाठायी आहे, असे आम्हांस वाटत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. पत्र्याच्या निवाऱ्यात राहणाऱ्यांना दोन गुत्तेदारांच्या भांडणात वर्षभर थांबा, असे कोण सांगेल? परंतु आवर घालता घालता हक्कच शोभेचा उरला, तर आपण नव्या नावाच्या इजाऱ्याकडे परत जाऊ.

यातून वाट आहे. अमेरिकेत हरलेला निविदाकार केंद्रीय लेखा कार्यालयाकडे तक्रार नोंदवतो. १९८४ च्या कायद्याने, तक्रार मुदतीत आली तर ठेका सामान्यतः आपोआप थांबतो, आणि निकाल १०० दिवसांच्या आत द्यावा लागतो. इतके दूर जाण्याचेही कारण नाही. आमच्या उमरग्याच्या शिवेपलीकडे कर्नाटकाने १९९९ च्या कायद्यानेच निविदेवरील अपिलाची सोय केली. केंद्राने २०१२ साली लोकसभेत मांडलेले सार्वजनिक खरेदी विधेयक मात्र २०१४ मध्ये लोकसभेबरोबरच बारगळले.

इजाऱ्याच्या काळात नियमच नव्हता. घटनेने आणि १९७९ च्या निकालाने तो दिला. उरली आहे ती वेळेची गोष्ट. निविदा का नाकारली याचे कारण कार्यादेश निघण्यापूर्वी कळावे, आणि त्यावरील तक्रारीचा निवाडा काही आठवड्यांत व्हावा. एवढे झाले, तर रस्ता आणि तलाव खोळंबणार नाहीत, आणि सरकारने आपला शब्द पाळला की नाही हे विचारणाऱ्याला तत्त्व जिंकून ठेका गमवावा लागणार नाही.