ठराव कागदावर, पाणी तळ्यात

वीस मार्चला आपण महाडला जातो. ओंजळभर पाणी पितो, परत येतो. पण त्या तळ्यामागची नगरपालिका आपण वाचत नाही. ती वाचली पाहिजे. वस्तीतला नळ कोरडा पडतो तेव्हा नगरसेवक काय म्हणतो? "ठराव झालाय!"

ठराव तेव्हाही झाला होता. 4 ऑगस्ट 1923 ला मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव पास झाला. सरकारी पैशावर चालणारे पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले. 1924 साली महाड नगरपालिकेनं तळं खुलं केलं. कागदावर. तळ्याच्या पायरीवर आपला माणूस दिसला नाही. म्हणून 5 ऑगस्ट 1926 ला बोल्यांनी दुसरा ठराव आणला: जी नगरपालिका अंमल करणार नाही तिची ग्रँट बंद करा. दुखणं त्यांना बरोबर कळलं होतं. तिजोरीला हात लागल्याशिवाय पालिका हलत नाही.

20 मार्च 1927. बाबासाहेब तळ्यावर गेले, मागून आपले लोक गेले. नंतर लाठ्या पडल्या, डोकी फुटली. तळं शेण-गोमूत्रानं 'शुद्ध' केलं गेलं. हा झाला रस्त्यावरचा मार. दुसरा मार खुर्चीत बसून दिला गेला. 4 ऑगस्ट 1927 ला नगरपालिकेनं आपलाच 1924 चा ठराव रद्द केला. ना लाठी, ना रक्त. नुसते हात वर.

मग डिसेंबरात सवर्ण कोर्टात गेले. तळं आमच्या मालकीचं, वापर फक्त आमचा! सार्वजनिक तळ्यावर आपला हात पडला आणि नऊ महिन्यांत त्याला मालक फुटले. हायकोर्टानं 17 मार्च 1937 ला त्यांचं अपील फेटाळलं. एका ओंजळीला दहा वर्षं.

आज हेच चाललंय, फक्त शब्द बदललाय. आता म्हणतात कंत्राट. झाडू आपल्याच हातात, मस्टर ठेकेदाराचं. मुंबई महापालिकेच्या 2,700 सफाई कामगारांना कायम होण्यासाठी सुप्रीम कोर्टापर्यंत झगडावं लागलं, निकाल लागला एप्रिल 2017 ला. मार्च 2022 नंतर तर त्या पालिकेत तीन वर्षांहून जास्त काळ निवडून आलेलं सभागृहच नव्हतं. प्रशासकाचा कारभार. जाब विचारायला वॉर्डात माणूसच नव्हता.

वैताग येतो. 'सगळे साले चोर' म्हणून घरी बसावंसं वाटतं. पण आपण घरी बसलेले त्यांना हवेच आहेत. महाडची माणसं तळ्यावर गेली ती भीक मागायला नाही. पालिकेचा ठराव त्यांच्या बाजूनं होता, त्याचा अंमल करायला गेली.

2005 पासून माहितीचा अधिकार आहे. पालिकेत जा. ठरावाची नक्कल मागा. कुठला खर्च कापला, कंत्राट कुणाला दिलं, हात कुणी वर केला, सगळं उतरवून घ्या. नावं मोठ्या अक्षरात लिहा आणि सार्वजनिक नळाशेजारच्या भिंतीवर चिकटवा. पाणी भरायला येणारी आपली आई-बहीण वाचेल. तिला वाचता येत नसेल तर तुम्ही वाचून दाखवा.