विजयदुर्गाचे दोस्त

२ मे २०११ च्या पहाटे अमेरिकन सैनिकांनी पाकिस्तानातील अबोटाबाद येथे ओसामा बिन लादेन यास ठार मारले. पाकिस्तान हा दहशतवादाविरुद्धच्या लढाईतला अमेरिकेचा दोस्त. पण मोहिमेची आगाऊ खबर त्या दोस्तालाच दिली नव्हती! दोघांमध्ये केवढी कटुता आली. आम्हां कोल्हापूरकरांस याचे नवल वाटू नये. गगनबावड्याचा घाट उतरून समुद्र गाठला, की असाच एक जुना दाखला विजयदुर्गावर उभा आहे.

त्या काळी ‘दहशतवादी’ ऐवजी ‘चाचे’ हा शब्द होता. कंपनीच्या लेखी तुळाजी आंग्रे चाचा होता. आंग्रे समुद्रावर दस्तक मागत. इंग्रजही आपले परवाने देत. म्हणजे परवाना आपण दिला तर राज्यकारभार, दुसऱ्याने मागितला तर चाचेगिरी! तुळाजी काही साधुपुरुष नव्हता, गरीब व्यापाऱ्यांची गलबतेही त्याने लुटली. पण तो मराठी आरमाराचा सरखेल होता. तो जुमानीत नाही म्हणून नानासाहेब पेशव्यांनी १७५५ साली इंग्रजांशी हातमिळवणी केली. त्याच वर्षी सुवर्णदुर्ग पडला.

फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. निघण्यापूर्वीच मुंबईत त्यांनी लुटीचे वाटे ठरविले होते. त्यात दोस्त मराठ्यांचे नाव नव्हते. इकडे तुळाजी मराठी छावणीत तहाची बोलणी करू लागला. गड परस्पर पेशव्यांकडे जाईल, या धास्तीने इंग्रजांनी तोफा डागल्या. आंग्र्यांचे आरमार जळून खाक झाले, १३ तारखेस गड इंग्रजांच्या हाती गेला. सुमारे दहा लाखांची लूट त्यांनी आपसांत वाटून घेतली. कराराने किल्ला पेशव्यांचा. तरी इंग्रज तो सोडीनात. महिनोन्‌महिने तक्रारींची पत्रे चालली, तेव्हा कुठे ऑक्टोबरातील तहाने विजयदुर्ग मिळाला आणि बाणकोट कंपनीकडे राहिले.

आम्ही कामगारांच्या संयुक्त आघाड्या जुळतानाही पाहिल्या आणि फुटतानाही. मालकापुढे एकजूट आणि पाठीमागे श्रेयाची वाटणी, हा प्रकार आम्हांस अपरिचित नाही. पण पेशव्यांचे नुकसान लुटीहून मोठे होते. ज्या आरमाराने इंग्रजांना धाक घातला, ते त्यांनी इंग्रजांकडूनच जाळविले.

आता कोल्हापूरकडे या. तुळाजी कैदेत गेला, तरी ‘चाचा’ हा शब्द मोकळाच होता. १७६५ साली कंपनीने तोच कोल्हापूरच्या आरमाराला लावून मालवणचा सिंधुदुर्ग घेतला. पुढच्या वर्षी जिजाबाईसाहेबांना पावणेचार लाखांवर रुपये कबूल करून तो परत मिळवावा लागला. १८१२ च्या तहात मालवण कायमचे कंपनीकडे गेले. कारण पुन्हा तेच दाखविले होते, चाच्यांचा बंदोबस्त.