गुळवेल : ओळख, लागवड, काढणी आणि घरगुती वापरातील काळजी

बांधावरचा कडुनिंब, घराचे कुंपण, ओढ्याकाठची झुडपे, कुठेही पाहा, गुळवेल सापडतेच. विकत घ्यावी लागत नाही, पाणी मागत नाही आणि एकदा रुजली की सहसा मरत नाही. कोरोनाच्या काळात काढ्यासाठी तिची मागणी एकदम वाढली. तेव्हापासून अनेक घरांत रोज सकाळी गुळवेलीचा काढा किंवा रस घेण्याची सवय लागली आहे. ही वेल गुणकारी आहे यात वाद नाही. पण तिचा उपयोग करताना तीन प्रश्नांची उत्तरे आधी हवीत : वेल नक्की गुळवेलच आहे का, ती स्वच्छ जागेतली आहे का आणि घेणाऱ्या माणसाला ती चालते का? या लेखात लागवडीपासून वापरापर्यंतची माहिती याच तीन प्रश्नांच्या अंगाने दिली आहे.

वेलीची ओळख

गुळवेलीचे शास्त्रीय नाव टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया असून ती मेनिस्पर्मेसी कुळातील बहुवर्षायू वेल आहे. संस्कृतमध्ये तिला गुडूची, अमृता, छिन्नरुहा, चक्रलक्षणिका अशी नावे आहेत. यातील शेवटची दोन नावे ओळखीसाठी फार उपयोगी आहेत. छिन्नरुहा म्हणजे तोडली तरी पुन्हा वाढणारी. चक्रलक्षणिका म्हणजे जिच्या खोडाच्या आडव्या कापात चाकासारखी नक्षी दिसते ती.

बहुतेक जण फक्त पान पाहून वेल ओळखतात आणि तिथेच फसतात. हृदयाच्या आकाराची पाने अनेक वेलींना असतात. म्हणून पुढील खुणा एकत्र जुळतात का ते पाहावे.

- जाड खोडावर करड्या-पांढरट रंगाची, कागदासारखी पातळ साल असते. नखाने ती सहज सुटते आणि आत हिरवा थर दिसतो.
- खोड मांसल असते. आडवे कापल्यास मधोमध चाकाच्या आऱ्यांसारखी रचना दिसते.
- खोड कापल्यावर दुधासारखा पांढरा चीक येत नाही.
- जुन्या वेलीपासून दोऱ्यासारखी लांब हवाई मुळे खाली लोंबतात.
- पान गुळगुळीत असते. देठाच्या दोन्ही टोकांना किंचित फुगवटा असतो आणि बुडाशी देठ थोडासा पिळलेला असतो.
- नर व मादी फुले वेगवेगळ्या वेलींवर येतात. फुले उन्हाळ्यात येतात, बारीक व पिवळसर हिरवी असतात. मादी वेलीवर हिवाळ्यात वाटाण्याएवढी लाल फळे दिसतात.

चव कडू असते, पण चव घेऊन ओळख पटवू नये. कडू वेली कितीतरी आहेत.

फसवणाऱ्या वेली

करांद्याचे पानही हृदयाकृती असते. पण त्यावरील ठळक शिरा देठापासून टोकापर्यंत कमानीसारख्या गेलेल्या असतात, पानांच्या बेचक्यात छोटे कंद लागतात आणि वेल दरवर्षी सुकून जाते. समुद्रशोकाचे पान मोठे, खालून पांढऱ्या लवेचे असते आणि तोडल्यावर चीक येतो. पहाडवेलीत देठ पानाच्या कडेला न जुळता थोडा आत, छत्रीच्या दांड्यासारखा जुळलेला असतो.

यापेक्षा जवळची गल्लत गुळवेलीच्या भाऊबंदांशी होते. टिनोस्पोरा सायनेन्सिस या जातीची पाने लवदार असतात. टिनोस्पोरा क्रिस्पा या जातीच्या करड्या खोडावर गाठीगाठी असतात आणि कापल्यावर दुधासारखा स्राव येतो. केंद्रीय आयुष मंत्रालयाने २०२२ मध्ये गुळवेल व क्रिस्पा यांत गल्लत करू नये, क्रिस्पा अपायकारक ठरू शकते, असे स्पष्ट केले होते. रोपवाटिकेतून रोप आणताना लहान वयात हा फरक लक्षात येत नाही. त्यामुळे ओळख पटलेल्या जुन्या मातृवेलीचेच छाट घ्यावेत.

कुठे लावावी, कुठे लावू नये

गुळवेल अमरवेलीसारखी परोपजीवी नाही. तिची मुळे जमिनीत असतात, आधाराच्या झाडातून ती रस शोषत नाही. कडुनिंबावरची गुळवेल उत्तम मानण्याची आपल्याकडे परंपरा आहे. शिवाय निंबाचा आधार मजबूत आणि बारमाही असतो. मात्र वेल दाट वाढली की झाडाच्या शेंड्यावर पसरून सूर्यप्रकाश अडवते. म्हणून आंबा, चिकू किंवा इतर फळझाडांवर ती चढू देऊ नये.

एक गोष्ट फळबागायतदारांनी विशेष लक्षात ठेवावी. संत्रा, मोसंबी, डाळिंब या पिकांतील फळातील रस शोषणाऱ्या पतंगाच्या अळ्या गुळवेल, वासनवेल, चांदवेल यांसारख्या वेलींच्या पानांवर वाढतात. पतंग रात्री पक्व होत आलेल्या फळाला सोंड खुपसून रस शोषतो. छिद्राभोवती फळ सडते आणि गळते. म्हणूनच बागेच्या परिसरातील या वेली काढून टाकण्याची शिफारस केली जाते. तुमची लिंबूवर्गीय किंवा डाळिंबाची बाग असेल तर बांधावर गुळवेल हौसेने लावू नका. घराच्या परसात एक वेल पुरेशी आहे आणि तिच्या पानांवरही अळ्या दिसतात का, हे पाहत राहावे.

लागवड

- जमीन : पाण्याचा निचरा होणारी कोणतीही मध्यम जमीन चालते. पाणी साचणाऱ्या जागी खोड कुजते.
- छाट : मे-जूनमध्ये मातृवेलीच्या पक्व, पेन्सिलएवढ्या किंवा थोड्या जाड खोडाचे १५ ते २० सेंमी लांबीचे, किमान दोन डोळे असलेले छाट घ्यावेत. काढल्यापासून २४ तासांच्या आत लावावेत. वरचे टोक वरच राहील याची खूण आधीच करून ठेवावी.
- रोपे : माती, वाळू व कुजलेले शेणखत समप्रमाणात भरलेल्या पिशवीत छाटाचा निम्मा भाग मातीत जाईल असा लावावा. साधारण ३० ते ४५ दिवसांत रोप लागवडीस येते.
- लागवड : पावसाळ्यात, ३ मीटर × ३ मीटर अंतरावर. या अंतराने एकरी सुमारे ४५० रोपे बसतात. कुंपणाकडेला लावायची असल्यास एका ओळीत लावावी.
- आधार : कडुनिंब, शेवगा, गिरिपुष्प यांसारखी झाडे किंवा तार व बांबूचा मांडव.
- पाणी : पहिल्या उन्हाळ्यात गरजेनुसार द्यावे. नंतर वेल पावसावरही तग धरते. थंडी-उन्हाळ्यात पानगळ झाली म्हणून वेल मेली असे समजू नये.

औषधी वापराच्या वेलीवर रासायनिक फवारणी करू नये. शेजारच्या पिकावरील फवारा उडून येणार नाही, अशीच जागा निवडावी.

काढणी व वाळवण

औषधात मुख्यतः खोड वापरतात. पावसाळा संपल्यावर, खोडाची जाडी साधारण २.५ सेंमीच्या पुढे गेली की काढणी करावी. जमिनीलगतचा भाग राखून वरचा कापावा. तिथून पुन्हा फुटवे येतात. जंगलातून गोळा करतानाही हाच नियम पाळावा. मुळासकट उपटलेली वेल पुढच्या वर्षी मिळत नाही.

द्राक्ष-डाळिंबाच्या बागेचे बांध, तणनाशक मारलेल्या कडा, महामार्गालगतची कुंपणे आणि सांडपाण्याचे नाले येथील वेल औषधासाठी तोडू नये.

खोड धुऊन त्याचे छोटे तुकडे करावेत आणि सावलीत, हवेशीर जागी पातळ थरात वाळवावेत. मोडताना कट् आवाज आला की वाळवण पूर्ण झाली. अर्धवट वाळलेला माल पोत्यात भरल्यास बुरशी येते आणि असा माल औषधासाठी वापरू नये. कोरडा माल तागाच्या पोत्यात, जमिनीपासून उंच ठेवावा. पोत्यावर वनस्पतीचे नाव, काढणीचा महिना व ठिकाण लिहिलेली चिठ्ठी लावावी.

विक्रीसाठी हीच चिठ्ठी कामाला येते. ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात कातकरी तरुणांनी वनधन केंद्राच्या माध्यमातून गुळवेल गोळा करून औषध कंपन्यांना विकण्याचे काम उभे केले आहे. खरेदीदाराला अचूक जात, स्वच्छता आणि कोरडेपणा हवा असतो. खरेदीदार व दर आधी ठरवल्याशिवाय मोठ्या क्षेत्रावर लागवड करू नये.

घरगुती वापर

आयुर्वेदात गुळवेल प्रामुख्याने ताप, अशक्तपणा, अपचन व त्वचाविकारांत वापरली जाते. भारतीय आयुर्वेदिक औषधसंहितेत चूर्णाची मात्रा ३ ते ६ ग्रॅम आणि काढ्यासाठी खोड २० ते ३० ग्रॅम दिले आहे. काढ्यासाठी ठेचलेले खोड आठपट पाण्यात घालून एक चतुर्थांश उरेपर्यंत मंद आचेवर आटवतात व गाळून घेतात. म्हणजे ३० ग्रॅम खोडाला साधारण पाव लिटर पाणी घ्यावे आणि ६० मिलीच्या आसपास उरवावे. वजन काट्यावर करावे. ‘एक मूठ’, ‘एक वीत’ हे माप प्रत्येकाच्या हाताप्रमाणे बदलते.

सत्त्व काढताना खोड ठेचून पाण्यात भिजवतात, कुस्करून गाळतात आणि तळाशी बसलेला पांढरा साका वाळवतात. बाजारातील फार स्वस्त सत्त्वात साध्या पिठाची भेसळ असू शकते.

हे औषध ठराविक कारणासाठी, ठराविक दिवसांसाठी घ्यायचे असते. आयुष मंत्रालयाच्या २०२० च्या कोविड मार्गदर्शिकेतही गुळवेलीचा अर्क १५ दिवस किंवा एक महिना एवढ्या मुदतीसाठीच सुचवला होता. वर्षभर रोज सकाळी चहासारखा काढा पिणे त्यात बसत नाही.

कोणी घेऊ नये आणि केव्हा थांबावे

मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांत यकृताला इजा झाल्याचे नोंदवले. २०२२ मध्ये देशातील १३ केंद्रांतील डॉक्टरांनी अशा ४३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने योग्य गुळवेल योग्य मात्रेत सुरक्षित असल्याची भूमिका मांडली. या चर्चेतून आपल्यासाठी उपयोगाची गोष्ट अशी, की गुळवेल रोगप्रतिकारशक्तीला चालना देते. ज्यांच्या शरीरात हीच शक्ती स्वतःच्या पेशींवर उलटलेली असते, त्यांना ती त्रासदायक ठरू शकते. वेल अचूक ओळखली, तरी हा धोका उरतोच.

पुढील व्यक्तींनी डॉक्टरांना किंवा नोंदणीकृत वैद्यांना विचारल्याशिवाय गुळवेल घेऊ नये :

- सांध्यांचा आमवात, थायरॉइडचा प्रतिकारशक्तीजन्य विकार, ल्युपस, सोरायसिस असे आजार असलेले
- कावीळ किंवा यकृताचा आजार असलेले, नियमित मद्यपान करणारे
- मधुमेहाची औषधे घेणारे, कारण रक्तातील साखर जास्त उतरू शकते
- गर्भवती व स्तनदा माता, लहान मुले
- अवयव प्रत्यारोपण झालेले किंवा शस्त्रक्रिया ठरलेली असलेले

काढा चालू असताना भूक मंदावली, मळमळ, खूप थकवा, अंगाला खाज, गडद पिवळी लघवी किंवा डोळे पिवळे दिसू लागले, तर काढा लगेच बंद करावा. त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन यकृताची रक्ततपासणी करून घ्यावी आणि ‘गुळवेल घेत होतो’ हे डॉक्टरांना न लपवता सांगावे. झाडपाला निरुपद्रवी असतो, असे समजून अनेक जण ही माहिती देत नाहीत आणि निदानाला उशीर होतो. घेतलेल्या वेलीचा तुकडा किंवा बाटली सोबत न्यावी.

ताप तीन दिवसांत उतरला नाही, तर काढ्यावर विसंबून राहू नये. डेंगी, मलेरिया, लेप्टोस्पायरोसिस यांची तपासणी वेळेत होणे गरजेचे आहे, विशेषतः भातलावणीच्या हंगामात.

वेलीच्या ओळखीबद्दल शंका असल्यास पान, खोडाचा तुकडा आणि शक्य असल्यास फूल किंवा फळ असा नमुना जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात दाखवावा. ओळख पटेपर्यंत ती वेल कोणालाही देऊ नये.