खारं वारं आणि इंडिकेटर

हातखंबा तिठ्यावर मुंबई-गोवा महामार्गाला रत्नागिरीचा रस्ता मिळतो. इथं वळताना आज दिवा लुकलुकतो. एके काळी हे काम ड्रायव्हरच्या उजव्या हाताचं होतं. उजवीकडे जायचं तर हात आडवा बाहेर, डावीकडे जायचं तर तोच हात घड्याळाच्या उलट दिशेनं फिरवायचा. १९८९च्या रस्ते-नियमावलीतही या खुणा तपशीलवार दिलेल्या होत्या. लिहिणाऱ्यांनी कोकणातला आषाढ मात्र पाहिला नसावा. काच खाली केली की बाही खांद्यापर्यंत चिंब.

हात आणि दिवा यांच्यामध्ये आणखी एक पायरी होऊन गेली. जुन्या मॉरिस मायनरला दारालगतच्या खांबात छोटा दांडा असे. बटण फिरवलं की विद्युतचुंबकाच्या जोरावर तो बाहेर यायचा आणि त्यातला दिवा लागायचा. अडकला तर खांबावर आतून एक बुक्की! अमेरिकेत ब्यूकनं १९३९ सालीच लुकलुकणारे दिवे आणले होते.

ॲम्बेसिडर आणि कुर्ल्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीच्या जमान्यात इंडिकेटरचा बिघाड कानानं ओळखला जाई. फ्लॅशरच्या डबीतली तार किंवा पट्टी करंटनं तापते, निवते, आणि संपर्क जुळतो-तुटतो, तीच टिकटिक. पुढचा-मागचा मिळून २१ वॅटचे दोन बल्ब, १२ व्होल्टवर साडेतीन अँपिअर. एक बल्ब उडाला की करंट निम्मा आणि ताल बिघडतो: काही डब्यांत दिवा नुसता पेटून राहतो, काहींत टिकटिक धावत सुटते. नियमाला मिनिटाला ६० ते १२० उघडझापी लागतात. मुरलेल्या मिस्त्रीला मोजायची गरज पडत नसे.

रत्नागिरीत मात्र फक्त बल्बवर ठपका ठेवून भागत नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यात समुद्राचं खारं वारं. मिरकरवाड्यातून मासळी नेणाऱ्या टेम्पोत तर बर्फाचं खारट पाणी मागच्या दिव्यांवरच ठिबकतं. होल्डरमध्ये हिरवट थर धरतो, बॉडीला जोडलेली अर्थिंगची वायर गंजते. मग ब्रेक दाबला की इंडिकेटरही मंद पेटतो, कारण परतीची वाट अडलेला करंट शेजारच्या बल्बमधून वाट काढतो. बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक सुटी वायर होल्डरच्या अर्थला टेकवून पाहायची. दिवा लख्ख झाला तर दोष अर्थिंगचा. पॉलिश पेपरनं घासायचं, नट आवळायचा, वर ग्रीस.

घाटात इंडिकेटर चालू असूनही घोळ होतोच. उजवा दिवा लावून ट्रकवाला मागच्याला पुढे जायची खूण देतो. तोच दिवा उजवीकडे वळण्याचाही! ही रीत कितीही रुळली असली तरी घातकच म्हणायला हवी.

एलईडी दिव्यांना करंट इतका कमी लागतो की जुनी डबी तापतच नाही. नव्या गाड्यांत हिशेब संगणक ठेवतो, आणि दिवा गेला तर टिकटिक मुद्दाम दुप्पट वेगानं वाजवतो.

मिरगाच्या आधी पार्किंग लाइट (म्हणजे हॅझर्ड) लावून गाडीभोवती एक फेरी मारा. चारही दिवे लुकलुकतायत, पण वळताना एकही लागत नाही? तर आधी फ्यूज आणि स्टिअरिंगजवळचा स्विच तपासायला सांगा. बल्बचे पैसे देऊ नका.