भुशाची पिशवी कुणासाठी? : धूळ गाळण्याचा छोटा इतिहास

आजचा विषय तसा लहान वाटेल. छोट्या सुतारी वर्कशॉपमध्ये भुसा ओढून घेणारं एक यंत्र असतं. मोटर, पंखा, खाली भुसा साठवायची पिशवी आणि वर हवा गाळणारी कापडी पिशवी, म्हणजेच फिल्टर. ही वरची पिशवी बदलायची वेळ आली की आपण विचारतो, माप काय आणि किंमत काय? पण त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा. ही पिशवी नेमकं कुणाला वाचवते? या प्रश्नाचं उत्तर गेल्या दीडशे वर्षांत बदलत गेलं आहे.

ही गोष्ट लाकडापासून नाही, पिठापासून सुरू होते. २ मे १८७८ रोजी अमेरिकेतल्या मिनिआपोलिस शहरात वॉशबर्न 'ए' या प्रचंड पीठगिरणीचा स्फोट झाला. हवेत तरंगणाऱ्या पिठाने पेट घेतला होता. १८ माणसं गेली. बारीक धूळ दारूगोळ्यासारखी वागू शकते, हे गिरणीमालकांना पुरतं कळलं. १८८० च्या दशकात धूळ पकडण्याच्या दोन युक्त्या पुढे आल्या. एक सायक्लोनची : शंकूच्या आकाराच्या भांड्यात हवा गरगर फिरवायची, म्हणजे जड कण कडेला जाऊन खाली घसरतात. दुसरी कापडी पिशव्यांची : हवा कापडातून जाते, धूळ मागे राहते.

लाकूड कारखान्यांनी दोन्ही उचलल्या. का? आग लागू नये, जमीन मोकळी राहावी, आणि गोळा झालेला भुसा बॉयलरखाली जाळता यावा म्हणून. म्हणजे हिशोब इमारतीचा होता, यंत्राचा होता, इंधनाचा होता. रंध्यापाशी उभ्या असलेल्या माणसाच्या श्वासाचा नव्हता.

तो हिशोब पुढे आला इंग्लंडमधल्या हाय विकम या गावी. हे खुर्च्यांचं गाव. भोवतीच्या चिल्टर्न टेकड्यांवर बीचची जंगलं, गावात फर्निचरचे कारखाने. १९६० च्या दशकात तिथल्या कान-नाक-घसा शल्यविशारद एस्मे हॅडफिल्ड यांच्या लक्षात आलं, की नाकाच्या एका अतिशय दुर्मीळ कर्करोगाचे रुग्ण त्यांच्याकडे वारंवार येतात, आणि त्यात फर्निचर कामगारच जास्त आहेत. ऑक्सफर्डच्या सहकाऱ्यांबरोबर केलेला त्यांचा अभ्यास १९६८ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. १९६९ मध्ये ब्रिटनने या कामगारांसाठी हा रोग भरपाईपात्र व्यवसायजन्य रोग मानला. १९९५ मध्ये कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, आयएआरसीने, लाकडाची धूळ निश्चित कर्करोगकारक गटात टाकली.

आता बघा, इथे खरी अडचण काय होती? हा रोग कित्येकदा काम सुरू केल्यावर तीस-चाळीस वर्षांनी दिसतो. गिरणीचा स्फोट सगळ्या गावाला ऐकू गेला. हा धोका मात्र कुणालाच ऐकू आला नाही.

म्हणून पिशवीकडे परत येऊ. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड. मोठे कण बरेचसे नाकातच अडकतात. १० मायक्रॉनपेक्षा लहान कण खाली फुप्फुसापर्यंत उतरू शकतात. विरळ विणीची, ३० मायक्रॉनची पिशवी ढोबळ भुसा धरते, आणि सगळ्यात बारीक धूळ परत खोलीत सोडते. जमीन स्वच्छ, हवा नाही!

मग घट्ट विणीची घ्यावी, एवढंच? नाही. कापड घट्ट झालं की हवेला अडथळा होतो, ओढ कमी पडते, आणि धूळ करवतीपाशीच हवेत उडते. त्यामुळे घट्ट कापड घ्यायचं तर ते जास्त हवं. घड्या घातलेले गोल फिल्टर याचसाठी आले : थोड्या जागेत भरपूर कापड. तेव्हा नवा फिल्टर घेताना दोन आकडे विचारा : किती मायक्रॉन, आणि एकूण किती चौरस मीटर.

आणि जुनी पिशवी काढताना मास्क लावा, शक्यतो बाहेर उघड्यावर काढा, झटकू नका, गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा. इतके महिने तिने अडवलेली धूळ त्या पाच मिनिटांत आपल्याच नाकात जाऊ नये.

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.